नातीला हात न लावणारी नानी

आमच्या पिंपळगावच्या गल्लीत बातमी पसरायला मोबाइल लागत नाही, नळाला पाणी आलं की झालं. यंदा फेब्रुवारीत नळावर बातमी आली ती अशी : "सिताराच्या झेबाला पोरगी झाली, आन् सितारानं तिला हात बी लावला नाय. नातू पायजे होता म्हणं!" हा पहिला हंडा. दुसरा हंडा भरेस्तोवर "तोंड फिरवलं म्हणं" झालं. आणि शेवटची कळशी डोक्यावर चढली तेव्हा सिताराखालानं पाळण्याला लाथसुद्धा मारलेली होती.

लाथ मारायला आधी पाळणा तर पाहिजे! तो खालाचे टेम्पोवाले नवरे शफीचाचा चांदवडच्या सुताराकडून आणणार होते, आणि सुताराचं चाललं होतं उद्या-परवा, उद्या-परवा. तोंडही कुणी फिरवलं नव्हतं. उलट खाला दारातून त्या गाठोड्याकडे टक लावून बघत उभी राहायची, डोळ्याला पाणी येईपर्यंत. नातू हवा होता हे तर साफ खोटं. झेबाला सातवा लागला तेव्हाच खालानं चार झबली शिवून ठेवली होती, चारही फुलाफुलांची. नातू झाला असता तर त्यालाच घालावी लागली असती.

एवढं मात्र खरं, की हात लावला नव्हता. कारण सिताराखालाला भीती वाटत होती, आणि ती स्वतःच्या हातांचीच.

हे हात बावीस वर्षं द्राक्षातले. हायवेलगतच्या पॅकहाऊसमध्ये टेबलाशी उभं राहायचं, घड देठाला धरून उचलायचा, उजेडात फिरवायचा, चेपलेला, तडकलेला, पिवळा पडलेला मणी कात्रीच्या टोकानं उडवायचा आणि घड डब्यात निजवायचा. मण्याला बोट लागता कामा नये, वरची पांढरी लव पुसली की माल गेला. दिवसाला हजारभर घड. मान खाली गेलेली ती जेवणाच्या सुट्टीलाच वर. सकाळी आत सोडताना गोरक्ष सुपरवायझर दारात उभा राहून ओरडणार : "ओ मावश्या, नखं वर! बांगड्या खाली! तंबाखू बाहेर! कोणाला जखम-बिखम? खोकला? ताप? बरं, चला चला चला, गाडी काय तुमच्या सासऱ्याची हे का थांबायला?" यात एक शब्द इकडचा तिकडे झालेला कुणी ऐकलेला नाही.

गेल्या वर्षीच्या मार्चात उन्हं तापली आणि खालाच्या हातांना खाज सुटली. दोन्ही हातांना, कोपराच्या खाली, बाहेरच्या अंगाला. पुरळ नाही, गांधी नाहीत, लाली नाही. वरून बघावं तर हात जसेच्या तसे. पण आत? आत मुंग्यांची रांग चालली होती, आणि त्यांचं वारूळ हाडात. कातडी खाजवून उपयोग नाही, कारण खाज कातडीवर नव्हतीच. तरी खाजवायची. नखांनी, कंगव्यानं, भांडी घासायच्या काथ्यानं. एकदा तर दाराच्या चौकटीला हात घासताना शफीचाचांनी पाहिलं आणि म्हणाले, "म्हैस बी खांबाला असंच करते." खाला हसली. मग मोरीत जाऊन तिनं रक्त धुतलं. दुसऱ्या दिवसापासून ती पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घालू लागली, गोरक्षला ओरखडे दिसू नयेत म्हणून.

टेबलाला शेजारी बायडाबाई. ती चाळीस वर्षं द्राक्षात, आणि तिला सगळ्याचं कारण ठाऊक.

"पेस्टिंगचं औषध उतारलंय तुला," बायडाबाई म्हणाली. छाटणी झाल्यावर काड्यांवरचे डोळे फुटावेत म्हणून जहाल औषध लावतात, त्याबद्दल ती बोलत होती. "माझी बोटं सोलली हुती ना कांद्यावानी? तसंच हे. ताक लाव. लय भारी असतंय ताक."

खालानं ताक लावलं. लिंबाचा पाला उकळून लावला. मेडिकलमधली ती ट्यूब लावली, जी आमच्या गल्लीत गजकर्णापासून डास चावण्यापर्यंत सगळ्याला चालते. औषधाचं कारण तिला फार आवडलं होतं. औषध अंगात उतरलं तर एक दिवस अंगातून निघून जाईल. फक्त एक गोष्ट तिनं बायडाबाईला सांगितली नाही : दोन वर्षं झाली, ती पेस्टिंगला गेलीच नव्हती.

मग उरलं दुसरं कारण. त्या कारणाचं नाव होतं मुस्तकीममामू.

मुस्तकीममामू म्हणजे खालाच्या आईचा भाऊ, मालेगावला यंत्रमागावर होता. खाला सहा वर्षांची असताना त्याच्या हातावर चट्टा उठला, मग बोटं वाकडी झाली, आणि मग घराच्या मागं पत्र्याचं खोपटं उभं राहिलं. मामूची थाळी वेगळी, पाणी वेगळं, ईदचा शीरखुर्मासुद्धा उंबऱ्याबाहेर वाटीत. मामू हौशी माणूस. पोरांना लांबून हाक मारायचा, "ए, जादू बघायची?" आणि सुई घेऊन खचकन हातात खुपसायचा. "बघा, काहीच नाही लागत!" पोरं टाळ्या पिटायची. एकदा खाला उंबरा ओलांडून गेली आणि मामूनं तिला उचलून घेतलं. पुढचं तिला लख्ख आठवतं : आजीची किंकाळी, दंडाला बसलेला हिसका, आणि अंगणात उभी करून कडुलिंबाच्या पाण्यानं घासघासून घातलेली अंघोळ. आजी घासत होती आणि मामू खोपटाच्या दारातून बघत होता. त्यानंतर त्यानं जादू दाखवली नाही.

म्हणून खालानं रोज सकाळी टाचणी सुरू केली. ओढणीची टाचणी. मोरीत जायचं, कडी लावायची, बाही वर करायची आणि कोपरापासून मनगटापर्यंत टोचत यायचं. इथं दुखलं. इथं दुखलं. इथंही दुखलं, शुक्र आहे. दुखलं की तो दिवस तिचा. दुखण्यावर इतकं खूश होणारं माणूस पिंपळगावात दुसरं नसेल.

जानेवारीत हंगाम सुरू झाला आणि तिच्या हाती आणखी एक गोष्ट लागली. गोरक्षनं तिला चिठ्ठी देऊन प्री-कूलिंगच्या खोलीत पाठवलं. माल परदेशी जायच्या आधी तिथं गार करतात, फ्रिजच्या पोटात शिरल्यासारखं वाटतं. खाला आत गेली, दार मागं लागलं, आणि दोन मिनिटांत खाज गेली. सगळीच्या सगळी. दहा महिन्यांत पहिल्यांदा तिच्या हातांत काहीच होत नव्हतं.

दुसरं कुणी असतं तर नाचलं असतं. खाला तिथंच पेटीवर बसली. काहीच नाही लागत, असं मामू म्हणायचा. गारठ्यात जिवंत मांस काकडतं. सुखावतं ते मेलेलं. तिनं स्वतःच्या मनाशी हा हिशोब पक्का केला, आणि पक्का केल्यावरही रोज काही ना काही निमित्त काढून त्या खोलीत जात राहिली. कारण भीती एका बाजूला आणि खाज एका बाजूला, आणि खाज जास्त जवळ होती.

अशात झेबा बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली.

खालाच्या घरात रीत अशी, की छठीला, म्हणजे सहाव्या दिवशी, नानीनं बाळाला पायांवर पालथं घेऊन न्हाऊ घालायचं आणि नानीनं शिवलेलं झबलं घालायचं. पाट मांडला, पाणी कोमट केलं, झेबाची सासू ओझरहून आली, गल्लीतल्या बायका ओळीनं बसल्या. सगळ्यांनी खालाकडे पाहिलं. खालाचे हात ओढणीच्या आत.

"माझी कंबर धरलीये," ती म्हणाली.

"काल तर सोळा क्रेट उचलले!" बायडाबाई म्हणाली. तिला गप्प कसं बसायचं हे कुणी शिकवलेलं नाही.

"म्हणूनच धरलीये."

झेबाची सासू तोंडात साखर ठेवून बोलणारी. ती हळूच म्हणाली, "बेटी तो रहमत होती है, समधन." आणि तिनं स्वतः पाय लांब करून बाळ घेतलं. खाला भिंतीशी उभी राहिली. बाळाच्या पाठीवरून पाणी ओघळत होतं आणि खालाच्या बाहीच्या आत मुंग्यांची रांग चालू लागली होती. तिनं दंड इतका आवळला की चार बोटांचे वळ उठले. नळावरच्या बातमीचा उगम इथला.

पंधराव्या दिवशी दुपारी मोरीची कडी नीट लागली नाही.

खाला टोचत टोचत कोपराखाली आली आणि थांबली. टाचणी टोचल्याचं कळलं, पण दुखलं नाही. पलीकडच्या खोलीत कुणाला तरी टोचावं तसं वाटलं. तिनं पुन्हा टोचलं. जोरात. रक्ताचा थेंब आला, दुखणं आलं नाही. तिनं तिसऱ्यांदा टाचणी उगारली तोच दार उघडलं. दारात झेबा, छातीशी बाळ.

"अम्मी! काय करतेस?"

"काटा काढतेय."

"महिनाभर एकच काटा? मी आल्यापासून बघतेय!" झेबाला रडू फुटलं. "खरं सांग. पोरगी झाली म्हणून का? सासूबाई रोज फोन करून विचारतात, तुझ्या अम्मीची कंबर बरी झाली का. मी काय सांगू त्यांना?"

खालाचे ओठ हलले. तो शब्द तिनं वर्षभर स्वतःशीसुद्धा उच्चारला नव्हता. आता मोरीच्या ओल्या फरशीकडे बघत ती म्हणाली, "मामूला झाला होता तो. महारोग."

आणि झेबा अर्धं पाऊल मागं सरली. मुद्दाम नव्हे, पंधरा दिवसांच्या बाळाची आई आपोआप सरते तशी. हातानं बाळाचं डोकं झाकलं. अर्धंच पाऊल. पण खालानं ते पाहिलं, आणि तिला वाटलं, हे आजीसारखंच झालं. आता फक्त लिंबाचं पाणी राहिलं.

झेबालाही आपलं पाऊल दिसलं असावं. ती तिथंच ओल्यात बसली, रडत रडत ओरडली, "अब्बा! टेम्पो रिकामा करा. उद्याच्या उद्या नाशिक!"

नाशिकला द्वारकेपाशी कातडीच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. बाहेरच्या बाकड्यावर खाला हात मांडीखाली दाबून बसली, शेजारच्या माणसाला लागू नयेत म्हणून.

"ऐका," ती शफीचाचांना म्हणाली, "मला इथं ठेवून घेतलं तर झेबाला सांगा, माझ्या गोधड्या उकळत्या पाण्यात धुवायच्या."

"तुला कोण ठेवून घेतंय?" चाचा म्हणाले. "मी तीस वर्षं ठेवून घेतलीये, तेवढं पुष्कळ झालं." पण चाचांच्या हातातली टोपी पिळून पिळून दोरी झाली होती.

आत डॉक्टरीणबाईंनी बाह्या वर करायला लावल्या. हातमोजे न घालता दोन्ही हात धरले, उलटेपालटे केले, कोपराशी शीर चाचपली. मग म्हणाल्या, "डोळे मिटा. कापूस लागला की हो म्हणा."

"हो," खाला म्हणाली. "हो. हो. हो. हो!"

"अहो, मी अजून लावलाच नाही."

खालाच्या कपाळावर घाम आला. शाळेत पाटी न वाचता येणाऱ्या पोरासारखं तिचं झालं. दुसऱ्या खेपेला तिनं खरं सांगितलं. लागला, लागला, लागला. त्या एका जागी कमी लागला, पण लागला.

"बरं. बर्फ लावला, गार पाणी ओतलं, तर खाज थांबते का?"

हाच तो प्रश्न. हो म्हटलं की मांस मेलं. घरी निजलेलं ते गाठोडं तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि ती म्हणाली, "नाय."

"अजिबात नाही?"

"नाय म्हणजे नाय."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. आणि शफीचाचा, जे जन्मभर बायकोच्या शब्दाबाहेर गेले नाहीत, ते खुर्चीतून उठून म्हणाले, "ही खोटं बोलतीये, मॅडम! मी माल भरायला जातो ना, गोरक्ष मला सांगतो, चाचा, तुमची मंडळी रोज कोल्डरूममध्ये जाऊन उभी राहते, एक दिवस पेटीत भरून लंडनला जाईल."

खाला कुणाकडेच बघेना. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "गारठ्यात थांबते? खरं सांगा."

"मरते," खाला पुटपुटली. "एकदम मरते."

"खाज मरते हो, हात नाही." आणि त्या चक्क हसल्या. "हेच मला हवं होतं. आता मान वर करा बघू. अजून. डावीकडे."

मानेतून कट्ट आवाज आला, चाचांनासुद्धा ऐकू गेला. मग एक्स-रे काढला. काचेवर लावून डॉक्टरीणबाईंनी पेनानं दाखवलं : मानेचे हे दोन मणके झिजलेत, मधून हाताला जाणारी शीर दबलीये. बावीस वर्षं मान खाली. दुखणं मानेत आणि खाज हातात, उन्हानं ती वाढते, गारव्यानं निवते.

चाचांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "म्हणजे वायर शॉर्ट! आमच्या टेम्पोचा हॉर्न असाच, कुणी दाबत नाही तरी वाजतो. आम्ही हॉर्न बदलत बसलो, फॉल्ट निघाला स्टिअरिंगखाली."

"तसंच," बाई म्हणाल्या.

"मग महारोग?" खालानं विचारलं. एवढंच तिला ऐकायचं होतं.

"नाही. आणि तो असता ना, तरी गोळ्या देऊन घरीच पाठवलं असतं मी तुम्हाला. नातीसकट राहायला. आता तो गोळ्यांनी बरा होतो."

"आमच्या मामूला मागं खोपट्यात ठेवला होता."

"तुमच्या मामूंना गोळी द्यायला कुणी भेटलं नाही, वाळीत टाकायला सगळे भेटले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तेव्हा खाला रडली. स्वतःसाठी ती वर्षभर रडली नव्हती. रडली ती सुई खुपसून पोरांना हसवणाऱ्या माणसासाठी.

आता इथं सगळं गोड झालं असं वाटेल. नाही झालं. बाईंनी आधीच सांगितलं होतं, खाज पूर्ण जाईलच असं नाही. ती येईल, आली की ओळखायची, खाजवायचं नाही, गार ओला फडका गुंडाळायचा. मिरचीचं एक मलम असतं, पण घरात तान्हं बाळ, तेव्हा ते नको. रात्री एक गोळी, सकाळी मानेचे व्यायाम. गोरक्षनं कुरकुर करत खालाच्या टेबलाखाली दोन क्रेट उलटे घालून टेबल उंच करून दिलं : "उद्या झोपाळा मागाल मावशी, झोपाळा!" खाज कमी झाली. गेली नाही.

आणि भीतीनं फक्त जागा बदलली. आता खालाला वाटायचं, बाळ मांडीवर असताना खाज आली तर? हात आपोआप सुटतो, तो विचारत नाही. सुटला आणि बाळाची मान लुळी पडली तर? म्हणून सव्वा महिना पुरा होत आला तरी तिनं बाळ घेतलं नव्हतं. रविवारी झेबा सासरी जाणार होती. शुक्रवारी दुपारी ती दारात बाळ घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अम्मी, न घेताच पाठवणारेस का?"

"खाज आली तर?"

तिथं मी होते, शेजारची स्नेहल. माझ्या तोंडून निघून गेलं, "दहा मिनिटं तरी जमतंय का बघ की, खाला. नाहीच जमणार तुला!"

खालानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती तडकलेल्या मण्याकडे बघते. "पैज?"

"पैज. तू हरलीस तर मला फुलाफुलाचा कुडता शिवायचा."

"आन् तू हरलीस तर रविवारपर्यंत बाळाची दुपटी तू धुवायची."

ती भिंतीला उशी लावून मान सरळ ठेवून बसली. पाय लांब केले. झेबानं बाळ तिच्या हातांत ठेवलं, आणि खालाचे हात असे थरथरले की झेबानं आपले हात खालून काढलेच नाहीत. मग हळूहळू काढले. मी घड्याळ लावलं.

चौथ्या मिनिटाला खाज आली. हात हलले नाहीत, पण खालाच्या पायाची बोटं आत वळली आणि मानेची शीर तटतटून फुगली. तिच्या डोळ्यांत मला भीती दिसली, इतकी, की पैज सोडून मीच बाळ घ्यायला उठले. झेबा ओला फडका घेऊन धावली. खालानं दोघींना नजरेनं जागेवर बसवलं. आणि बाळाच्या कानाशी तोंड नेऊन द्राक्षाच्या जातींची नावं पुटपुटायला लागली : सोनाका, थॉमसन, शरद, माणिकचमन, परत सोनाका. अंगाई म्हणून जगात हे कुणी गायलं नसेल. बाळाला मात्र झोप लागली. हळूहळू पायाची बोटं सुटली.

दहा मिनिटं झाली. मी म्हणाले, "जिंकलीस. आता दे."

दिलं नाही. अकराव्या मिनिटालाही नाही, तिसाव्यालाही नाही. मध्ये आणखी एकदा आली. सोनाका, थॉमसन, शरद. झेबा भिंतीला टेकून झोपून गेली. पन्नास मिनिटांनी बाळानंच काय तो निकाल लावला, आणि खालाच्या मांडीवरून ओघळ निघाला.

खाला हसत सुटली. एका हातानं बाळ छातीशी धरून दुसऱ्या हातानं तिनं ते चिंब दुपटं सोडवलं आणि माझ्या अंगावर फेकलं.

"हे पैलं. थंड पाण्यात घाल आधी. आन् दोरीवर टाकताना झटकून टाक, तुझ्या आईवानी बोळा करून नको!"